गुडघ्याचा पट्टा

(1985 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी एसटीत कंडक्टर म्हणून लागलो आणि आता आपल्या तासगाव आगारात वाहतूक नियंत्रक आहे. माईकवर बोलायची सवय आहे, पण ती कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली एवढं सांगण्यापुरती. म्हणून आज लिहून आणलंय. हा कागद काल रात्री सौभाग्यवतींनी वाचला. दोन वाक्यं खोडली, एक स्वतःच्या अक्षरात घातलं आणि मग परवानगी दिली. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. उगाच वळून बघू नका, त्यांना आवडत नाही.

आधी माफी मागायची आहे. मे 2023 मध्ये आपण सगळे जमलात तेव्हा मी आलो नाही. ग्रुपवर लिहिलं, ‘सौ.चा गुडघा धरलाय, डॉक्टरांनी हलू नका म्हणून सांगितलंय.’ ते खोटं होतं. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि त्या आठवड्यात आम्ही केमोसाठी मिरजेला होतो.

हे वाक्य आज मी सरळ म्हणालो. तेव्हा म्हणता येत नव्हतं. परळला टाटा हॉस्पिटलच्या खिडकीवर पहिल्या दिवशी मला विचारलं, ‘कशाचा?’ मी म्हणालो, ‘गाठ आहे.’ ‘कुठं?’ मी माझ्याच शर्टाच्या खिशावर हात ठेवला. खिडकीतल्या मुलीनं न हसता लिहून घेतलं. माझ्यासारखे तिला रोज किती भेटत असतील! बाई, रागावू नका, पण आठवतंय का, जीवशास्त्राच्या पुस्तकातला तो एक धडा आम्हाला ‘घरी वाचा’ म्हणून सांगितला होता. आम्ही मुलांनी तो घरी वाचला नाही, वर्गातच बाकाखाली वाचला, आणि हसण्यापलीकडं त्यातलं काही घेतलं नाही. पुढं चाळीस वर्षांत तो शब्द तोंडातून कधी काढला नाही. बायकोच्या आजारात काढायची वेळ आली तर जीभच वळेना.

आता मूळ गोष्ट. 2022 ची दिवाळी. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावताना हिच्या हाताला डाव्या बाजूला गाठ लागली. मटाराच्या दाण्यापेक्षा मोठी, दुखत नव्हती. दुपारी मी जेवायला घरी आलो तेव्हा तिनं वाढता वाढता सांगितलं. दिवाळीत आगाराची काय अवस्था असते हे तुम्हाला सांगायला नको. जादा गाड्या, रजेवरचे ड्रायव्हर, पुण्याहून येणारी गर्दी. मी म्हणालो, ‘दुखत नाही ना? मग तुळशीचं लग्न होऊ दे, बघू.’ तुळशीचं लग्न झालं. मग मुलाची बारावी, त्याचे क्लास. मग माझ्या मेव्हण्याच्या घरी वास्तुशांत. मी पुन्हा विचारलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या होत्या, त्यांच्या कानावर तिनं घातलं. त्यांनी वाण ठेवलं बाजूला, हिला आतल्या खोलीत नेलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सोबत घेऊन सोनोग्राफीला गेल्या.

दुखत नाही म्हणून मी सोडून दिलं होतं. ही गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे मला नंतर कळलं.

जानेवारीअखेर बायोप्सीचा कागद आला. परळच्या डॉक्टरांनी तपासलं, काखेतही गाठी लागल्या. त्यांनी विचारलं, ‘कधीपासून आहे?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर ही पटकन म्हणाली, ‘पंधरा दिवस झाले असतील.’ माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि मी गप्प बसलो. स्वतःच्या शरीराबद्दल ती डॉक्टरांशी खोटं बोलली, ते मला वाचवायला, आणि मी वाचलो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना म्हणालो, ‘साहेब, पंधरा दिवस नाही, तीन महिने. तिनं मला सांगितलं होतं.’ त्यांनी आधीचा आकडा खोडून नवा लिहिला आणि म्हणाले, ‘बरं केलंत सांगितलंत. आता पुढचं ठरवू.’ तीन महिने आधी आलो असतो तर काखेत गेली नसती का, असंही मी विचारलं. ते म्हणाले, याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही. मला उत्तर हवं होतं. ‘हो’ असतं तरी चाललं असतं. ते मिळालं नाही आणि आजही माझ्यापाशी नाही.

इथं हिनं आपल्या अक्षरात घातलेलं वाक्य आहे, ते तसंच वाचतो. ‘मीपण वाट बघितली. मला कळत होतं. नुसता यांचा दोष धरू नये.’ असो.

उपचाराचा क्रम ठरला. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन आणि त्यानंतर काही वर्षं रोजची एक गोळी. पहिली चार इंजेक्शनं दर एकवीस दिवसांनी मुंबईत घ्यायची होती, पुढची बारा दर आठवड्याला. ती मिरजेच्या कॅन्सर रुग्णालयात घ्यायला डॉक्टरांनी लिहून दिलं. रात्री सांगलीला महालक्ष्मीत बसायचं आणि सकाळी दादरला उतरायचं, असा आमचा शिरस्ता झाला. हॉस्पिटलनं सही करून दिलेला फॉर्म दाखवला की रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असतं आणि सोबतच्याला पंच्याहत्तर टक्के सवलत मिळते. एसटीत एवढी वर्षं काढलेला माणूस रेल्वेच्या सवलतीवर फिरत होता, हे माझ्या आगारातल्या मंडळींना सांगू नका.

दादरला गाडगे महाराजांच्या नावानं धर्मशाळा आहे, तिथं आम्ही उतरायचो. टाटाला येणाऱ्या पेशंटांनी ती भरलेली असते. बिहार, बंगाल, खानदेश, विदर्भ, कुठकुठली माणसं. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका एकमेकींना विचारायच्या, ‘तुमचं कितवं?’ आणि उत्तर ऐकून जी पुढं असेल ती मागचीला काय काय होणार ते सांगायची. तोंड येईल, बर्फ चघळत जा. लाल औषधानंतर लघवी लाल होईल, घाबरू नका. हिनं तिथं दोन दिवसांत जेवढं शिकून घेतलं तेवढं मी फायलीतून महिनाभरात शिकलो नाही. बाप्ये मात्र एकमेकांशी फक्त पैशांबद्दल आणि गाड्यांच्या वेळांबद्दल बोलायचे. डबे धुवायला नळावर गेले की बराच वेळ परत येत नसत. एवढे डबे हे लोक घासतात तरी किती, असं मला वाटायचं. तिसऱ्या दिवशी मीही तिथं बराच वेळ थांबलो, तेव्हा कळलं.

घरी मी काय केलं? एक वही केली. सर, तुम्ही आम्हाला प्रयोगवहीला तक्ते आखायला शिकवलंत ना, तशी. तारीख, ताप, वजन, गोळी किती वाजता दिली, किती वाजता खाल्लं, उलटी किती वेळा. आगारात गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली हे लिहितो तसंच. मला फार बरं वाटायचं. रोज रात्री तक्ता पूर्ण झाला की वाटायचं, चला, आजचा दिवस वेळेवर गेला. कुणी नातेवाईक आले की वही दाखवायचो आणि हिला मोठ्यानं म्हणायचो, ‘काही होत नाही, सगळं ठीक होणार आहे.’ दिवसातून चार वेळा म्हणायचो.

एका रात्री मी विचारलं, ‘उलटी किती वेळा?’ ती म्हणाली, ‘अहो, मी काय गाडी आहे का?’ मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, ‘तुमच्या वहीत सगळं आहे. मला भीती वाटते का, हे कुठल्या रकान्यात लिहिता? मी घाबरले असं म्हणायला गेले की तुम्ही काही होत नाही म्हणता. मग मी बोलायचं कुणाशी?’

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर मी ते वाक्य तिच्यासाठी म्हणतच नव्हतो, स्वतःसाठी म्हणत होतो. मी विचारलं, ‘कसली भीती वाटते?’ आणि ती दोन तास बोलली. मरणाची भीती कमी होती. मुलाचं लग्न, माझ्या आईचं पथ्य, पुन्हा स्वयंपाकघरात उभं राहता येईल का, आणि आणखी एक, जे तिनं खोडलेल्या दोन वाक्यांत होतं. मी काहीच बोललो नाही, नुसतं ऐकलं. वही मी बंद केली नाही, तापाचा रकाना गरजेचाच होता. पण त्या रात्रीपासून ‘काही होत नाही’ म्हणणं सोडलं. आपल्याकडं धीर देणं म्हणजे समोरच्याला बोलू न देणं, असंच मी लहानपणापासून बघत आलो होतो.

केसांचं सांगतो. पहिल्या डोसनंतर पंधरा-वीस दिवसांत, होळीच्या सुमारास, उशीवर झुपके यायला लागले. तिनं मुलीला पुण्याहून बोलावलं आणि तिच्याकडून केस कापून घेतले. मी कुठंतरी वाचलं होतं की नवऱ्यानं सोबत म्हणून आपलंही डोकं भादरावं. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, ‘खुळे का काय! रस्त्यात प्रत्येक जण थांबवून विचारेल, घरात कोण गेलं?’ मुलगी हसून हसून जमिनीवर बसली. म्हणून माझे आहेत ते केस शाबूत राहिले.

आता ताप. डॉक्टरांनी बजावलं होतं, पांढऱ्या पेशी कमी होतात, शंभरच्या वर ताप गेला तर सकाळची वाट बघायची नाही. दुसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी रात्री दीड वाजता थर्मामीटर एकशे एकच्या पुढं गेला. ती म्हणाली, ‘सकाळी जाऊ, पोरगं झोपलंय.’ दिवाळीत मी ‘बघू’ म्हणालो होतो. या वेळी म्हणालो नाही. तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि मिरजेला नेलं. पेशी फारच खाली आल्या होत्या. पाच दिवस सलाईन, पेशी वाढवायची इंजेक्शनं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आलात. हे एकच वाक्य मी त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

ते दिवस नेमके द्राक्षांचे होते. आपल्या गावात त्या दिवसांत पाहुण्याला पाण्याआधी द्राक्षं देतात. घरात पेट्या येऊन पडल्या, आणि हिला पातळ सालीचं कच्चं फळ बंद! केळ, संत्रं, सोलून खायचं तेवढंच चालणार. दारात द्राक्षं घेऊन आलेल्या माणसाला काय सांगायचं? आम्ही घ्यायचो आणि मागच्या दारानं वाटून टाकायचो. एकदा मी कपाटाआड उभा राहून चार मणी तोंडात टाकताना तिनं पकडलं. तेवढं भांडण आमचं लग्नानंतर कधी झालं नव्हतं.

तुमच्यापैकी एकालाच सगळं माहीत होतं. नाव घेत नाही, तो आत्ता खाली मान घालून बसलाय. त्याचं औषधांचं दुकान आहे. उलटीच्या त्या विशिष्ट गोळीची चिठ्ठी दिली, त्यानं वाचली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि गोळ्या दिल्या. काही विचारलं नाही. पण त्या आठवड्यापासून दर गुरुवारी दुपारी त्याची बायको आमच्याकडं यायला लागली. ‘काही लागलं तर सांगा’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. यायच्या, भाजी निवडायच्या, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला दोघी मिळून शिव्या द्यायच्या, पाचला जायच्या. त्या दोन तासांत मी झोपायचो. आणि हा पठ्ठ्या ग्रुपवर माझ्या खोट्या गुडघ्याखाली ‘काळजी घे’ असं लिहून मोकळा झाला होता.

ऑगस्टअखेर मुंबईत ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला. काखेजवळून एक नळी आणि तिला बाटली, ती घरी घेऊन आलो. साठलेलं पाणी रोज सकाळी मोजून लिहायचं. हे काम माझ्या पसंतीचं, आकड्यांचं. मी बाटलीवरच्या रेघा बघायचो, नळी बघायचो, पट्टी बघायचो. आठ-दहा दिवस गेल्यावर ती म्हणाली, ‘तुम्ही बाटलीच बघता.’ मी म्हणालो, ‘म्हणजे?’ ती म्हणाली, ‘एकदा नीट बघा. मला कळू दे तुम्ही काय करता ते. मग परत कधी नाही बघितलं तरी चालेल.’

मी बघितलं. त्या वेळी मी काय म्हणालो ते दुसऱ्या खोडलेल्या वाक्यात होतं, त्यामुळे सांगत नाही. एवढं सांगतो की आधी नजर वळवली होती ती मी, आणि माझी समजूत अशी होती की ती तिला कळत नाही.

त्यानंतर भिंतीवर बोटांनी वर वर चढायचा व्यायाम. आमच्या घराच्या भिंतीवर पेन्सिलच्या खुणा आहेत, मुलांची उंची मोजायच्या. त्यांच्याच शेजारी तिच्या बोटांच्या खुणा केल्या, आज इथंपर्यंत, आज इथंपर्यंत. डाव्या हाताला सूज येऊ नये म्हणून त्या हातावर सुई नको, रक्तदाब नको. बांगड्या सैल. ऑक्टोबरात रेडिएशनच्या पंधरा खेपा झाल्या. ते तुलनेनं लवकर आटोपलं, त्वचा भाजल्यासारखी झाली तेवढी.

माझ्या मैत्रिणींना एक गोष्ट सांगायची आहे. आपण सगळे आता पंचावन्नच्या आसपास. टाटाच्या डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठं काम केलं. 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर बायका. त्यातल्या निम्म्याजणींची दर दोन वर्षांनी नुसती हातानं तपासणी करायची. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या, दहावी शिकलेल्या बायका होत्या. आपल्याएवढंच शिक्षण! 2021 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये वीस वर्षांचा हिशेब आला. तपासणी झालेल्या बायकांत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडत होता. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब धरला तर मृत्यूंमधला फरक खात्रीनं सांगण्याइतका निघाला नाही, पण पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होते. यंत्र नाही, सुई नाही, नुसती शिकलेली बोटं. माझ्याकडं हा कागद आहे, चहाच्या वेळी दाखवतो. महात्मा फुले योजनेबद्दलही विचारा, त्यात कॅन्सरचे उपचार बसतात. पैशाच्या भीतीनं गाठ लपवलेल्या तीन बायका मला त्या धर्मशाळेत भेटल्या.

आणि माझ्या मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला घरी जेवताना असं काही सांगितलं गेलं असेल आणि तुम्ही ‘बघू’ म्हणाला असाल, तर मला आजच बाजूला घेऊन बोला. आगारातला माझा नंबर सगळ्यांकडं आहे.

आता पट्ट्याचं सांगून खाली बसतो. माझा तो खोटा निरोप वाचून आपल्या एका मित्रानं कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलनं गुडघ्याला बांधायचा पट्टा पाठवला. ते पार्सल आलं माझ्याच आगारात, माझ्याच टेबलावर. आत चिठ्ठी होती, ‘वहिनींना सकाळी उठल्या उठल्या बांधायला सांग.’ मला शरमेनं मान वर करवेना. घरी नेऊन हिला दाखवला तर ती केमोच्या त्या आठवड्यात पहिल्यांदा पोट धरून हसली. म्हणाली, ‘ठेवा. तुमच्या खोट्याची आठवण.’ पट्टा कपाटात गेला.

डिसेंबरपासून तिची ती रोजची गोळी सुरू झाली. या गोळीनं पुष्कळ बायकांचे सांधे दुखतात. दोन-तीन महिन्यांत हिचे गुडघे असे धरले की सकाळी उठून चूल गाठेपर्यंत भिंतीला धरून चालावं लागायचं. एक दिवस मी कामाला निघालो तर ही कपाट उघडून बसली होती. पट्टा काढला, बांधला आणि मला म्हणाली, ‘ग्रुपवर लिहा, आता खरंच धरलाय.’

मी तेव्हाही लिहिलं नाही. आज सांगतोय. पट्टा आत्ताही तिच्या उजव्या गुडघ्याला आहे, म्हणून ती मघाशी सरांच्या पाया पडायला वाकली नाही, गैरसमज नसावा. आणि पार्सल पाठवणाऱ्या मित्रा, तू पैसे घेत नव्हतास, पण वहिनींनी पाकीट आणलंय. जेवणाच्या रांगेत सापडशील.